कापणारे हात

खबर देणाऱ्या त्या माणसाचं नाव निघालं की मला आजही संताप येतो, आणि त्यातला निम्मा माझ्या स्वतःवर असतो.

बेसा भागातल्या एका बांधकामावरून तांब्याच्या वायरची बंडलं चोरीला गेली होती. तिसऱ्या दिवशी महाल वस्तीतले एक गृहस्थ ठाण्यात आले. म्हणाले, चोर माझा धाकटा भाऊच आहे. तिथेच इलेक्ट्रिशियनचं काम करतो, पक्का दारुडा आहे, आत टाका. सख्खा भाऊ खबर देतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार? मीही घेतली नाही. त्याच सकाळी त्याला अटक केली.

वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, काही व्यसन आहे का? तो तोंड उघडायच्या आत मीच सांगून टाकलं, घेतो थोडीफार. मला कोर्टात पोहोचायची घाई होती. दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली.

दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. उभ्या उभ्याच बोलली, "साहेब, सकाळी घेतल्याबिगर त्यायले चहाचा कप धरता येत नाही. मांगं एकडाव एकदम बंद केली तं फिट आली होती. डॉक्टरले सांगा." नवऱ्याला सोडवायला बायका काय काय सांगतात, हे आम्हाला म्हणे पाठ असतं. मी तिला वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशीला बसलो. त्याचे दोन्ही हात कापत होते, शर्ट घामाने भिजला होता, ग्लासातलं पाणी तोंडापर्यंत जाईना. मी मनात म्हटलं, चोर घाबरला. आवाज चढवला. त्याने चोरी कबूल केली, माल लपवल्याच्या तीन जागा सांगितल्या. तिन्ही ठिकाणी काही सापडलं नाही. परत येऊन बघतो तर हा अंगावरच्या मुंग्या झटकतोय. मुंगी एकही नव्हती. मी ओरडलो, नाटकं बंद कर.

आमचे एक जुने हवालदार शांतपणे म्हणाले, "साहेब, हे नाटक नाही. दारू तुटली आहे त्याची." त्यांचं वाक्य संपेपर्यंत तो फरशीवर कोसळला होता, दातखीळ बसलेली, अंग आचके देतंय. जीपमध्ये टाकून दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरांनी मला बाहेर घेऊन झापलं. रोज पिणाऱ्याची दारू अशी एकाएकी तोडली तर माणूस मरू शकतो, ती औषधांवर, देखरेखीखाली सोडवावी लागते, हे कोणीच सांगितलं नाही का तुम्हाला? सांगितलं होतं.

संध्याकाळी माल एका कबाड्याच्या भंगारात सापडला. विकणारा बांधकामावरचाच चौकीदार निघाला. मी थोरल्या भावाला बोलावून टेबलावर हात आपटला. खोटी खबर काहून दिली, विचारलं. भावाची दारू सुटावी म्हणून, तो म्हणाला. घरी भावाला मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथा घालून झाल्या होत्या, खोलीत कोंडून झालं होतं; डॉक्टरकडे मात्र एकदाही नेलं नव्हतं. लोक काय म्हणतील, हे कारण. माझा आवाज बाहेरच्या रस्त्यावर जात असेल. तो मान खाली घालून म्हणाला,

"साहेब, तुम्हीच तं मोहल्ल्याच्या बैठकीत बोलले होते. दारुडे माझ्याकडे पाठवा, चार दिवसांत सुधारून देतो."

बोललो होतो. टाळ्याही घेतल्या होत्या. त्याच्यावर जी कारवाई करायची ती मी केली, पण माझ्यावर करणारं कोणी नव्हतं.

धाकटा वाचला. पुढे रीतसर उपचार घेऊ लागला. मध्ये एकदा पुन्हा प्यायला, तेव्हा बायकोने त्याला सरळ डॉक्टरकडे नेलं. आता मला कोणी विचारलं तर मी चिडूनच सांगतो: सकाळी हात कापतात, प्यायल्यावरच थांबतात, बंद केली की घाम फुटतो, भलतंच दिसतं, तर तो माणूस ठाण्याचा नाही, देवळाचाही नाही, दवाखान्याचा आहे.

त्या केसची स्टेशन डायरी मी निवृत्तीआधी एकदा काढून वाचली. त्या बाईच्या नावापुढे मी एवढंच लिहिलं होतं: डबा देऊन गेली.