राहाबेचं खोटं

जगातलं सगळं खरं बोलण्याचा मक्ता आमच्या टाइमकीपर काकांनी एकट्यानं घेतला होता. वाळूजच्या कारखान्यात ते आम्हा कामगारांची हजेरी लिहीत, आणि शिफ्टची बस पंक्चर झाली तर आमच्याबरोबर स्वतःचाही उशीर लिहीत. शेजारची मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना, मुलगी गुणी आहे पण घोरते, हे सांगणारे तेच. लोक वैतागायचे. पण कुठं भांडण लागलं की बोलावणं त्यांनाच. काका म्हणाले म्हणजे विषय संपला.

काका ख्रिस्ती, आणि अशा माणसाचं बायबलातल्या राहाबेशी वाकडं असणारच. या बाईनं परक्या हेरांना माळवदावर काड्यांखाली लपवलं आणि राजाच्या शिपायांना बेधडक सांगितलं, ते तर गेले! वर शास्त्रात तिचंच कौतुक. डबा उघडला की काका मला विचारत, "अरं, एवढी श्रद्धेची बाई, मग खोटं कशाला बोलली?" मी बुद्धवंदना म्हणणारा माणूस, मला काय ठाऊक? भ्याली असंल, म्हणायचो. ते त्यांना काही पटत नसे.

नामांतराच्या त्या दिवसांत एका दुपारी आमच्या वस्तीवर जमाव चालून आला. मी पळत सुटलो तो काकांच्या घरात शिरलो. काकूंनी मला गोधड्यांच्या चळतीमागं ढकललं. पाठोपाठ काठ्या घेतलेली माणसं दारात. जयभीमवाला इकडं आला का, त्यांनी विचारलं. काका उठून दारात गेले. या माणसाला खोटं बोलता येत नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

"नाय. इथं कुणी आलं नाय," काका म्हणाले.

तरीही एकजण आत येऊ लागला. दुसऱ्यानं त्याला मागं ओढलं. "चल रं. काका खोटं बोलत नाय."

ते गेले. मी बाहेर आलो तेव्हा काका उंबऱ्यावर बसले होते, आणि काकूंनी दिलेला तांब्या त्यांना धरवत नव्हता. जन्मभर जपलेला शब्द माझ्यापायी गेला, या विचारानं मला रडू फुटलं. गप रं, एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर डब्यापाशी राहाब आली नाही. ते निवृत्त होऊन गारखेड्याला राहायला गेल्यावर मीच एकदा विचारलं, ती खोटं का बोलली ते कळलं का.

"ते कळलं रं," काका म्हणाले. "पण नंतर तिचे हात किती दिस कापत व्हते, ते लिहायचं राहिलंय बघ."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अजून बुद्धवंदनाच म्हणतो. पण राहाबेला कोणी नावं ठेवली तर माझं डोकं फिरतं.