कुवेतचा कॉल आणि परटवण्यातलं घर

टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये परगावचे कॉल जोडायची नोकरी केलेल्या बाईला किस्से जमवावे लागत नाहीत. हेडफोन कानाला लावला की ते आपोआप साठतात. नियम होता, पार्टीचं, म्हणजे फोनवरच्या माणसांचं, बोलणं ऐकायचं नाही. पण लाइन अशी खरखरायची की निम्म्या वेळा आम्हालाच मध्ये पडून निरोप पोचवावा लागे. पार्टीला आम्ही गावाच्याच नावानं ओळखायचो. "दुबई म्हणतंय, पैसे पाठवले." "रत्नागिरी म्हणतंय, आईचा ताप उतरला." आता ऐकायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं, ते नियम करणाऱ्यालाच ठाऊक!

ऐंशीनंतरची रत्नागिरी. प्रत्येक आळीतलं कुणी ना कुणी आखातात गेलेलं. तिकडचा पैसा इकडे आला तो थेट जमिनीत आणि घरांत शिरला. सगळ्यात आधी कळायचं आम्हाला, आणि आमच्यात सगळ्यात जास्त लागायचं ते सुलभाताईंना. माझ्या शेजारच्या खुर्चीवर त्या बसत. गावातल्याच परटवणे भागात आप्पा म्हणून घरमालक होते, त्यांचं एक छोटं चिऱ्याचं घर होतं, त्यात त्या लग्न होऊन आल्यापासून भाड्यानं राहत होत्या. दोन्ही मुली तिथेच झाल्या. आप्पांनी शब्द दिला होता, "सुलभा, विकीन तर तुलाच."

*

एकदा आरे-वारेच्या बाजूला एक गोरा आणि त्याची बायको फिरत आले. उन्हानं हैराण होऊन एका माडाखाली अर्धा दिवस बसले, शहाळी प्यायले, फोटो काढले आणि गेले. बस्स, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्या माडाच्या मालकानं मुंबईला भावाला अर्जंट कॉल लावला. "जमीन इकू नको! गोरा बगून गेलाय!"

आठवड्याभरात त्या अख्ख्या किनाऱ्याचा भाव चढला. गोरा काही परत आला नाही. भावही खाली आला नाही.

*

दुसरा किस्सा एका एजंटाचा. दुबईचं गिऱ्हाईक जागा न बघताच सौदा करत होतं. त्याचा एकच प्रश्न, "प्लॉटवरून समुद्र दिसतो ना?"

"दिसतो तर!" एजंट म्हणाला. "माडावर चढलं की लख्ख दिसतो!"

पलीकडचा माणूस खो खो हसला आणि त्यानं तो प्लॉट घेतलासुद्धा. आम्ही हसलो, आमचे सुपरवायझर मांजरेकर साहेब हसले, सुलभाताई तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग चहाला बसल्यावर हळूच म्हणाल्या, "तो प्लॉट आमच्याच मागचा गो. आप्पांच्या कानावर जाईल आता."

*

पण एक सांगते, आखातातल्या माणसांचा राग राग करावा असं मला कधी वाटलं नाही. त्यांचंही आम्ही ऐकत होतो ना.

बहरीनला एक मुलगा होता. त्यानं गावात मोठा बंगला विकत घेऊन आईला त्यात नेऊन ठेवलं. दर महिन्याला फोन करायचा. एकदा विचारलं, "आई, झोपतेस कुठच्या खोलीत?"

"सैपाकघरात," म्हातारी म्हणाली.

"एवढ्या खोल्या आहेत, आणि सैपाकघरात?"

"मेल्या, एवढ्या खोल्यांत मी हरवले तर शोधायला कोण आहे रे?"

मी वेळ संपल्याचं सांगितलं, कॉल वाढवू का विचारलं. म्हणाला, वाढवा. मग दोघंही नुसता एकमेकांचा श्वास ऐकत बसली. मला लाइन तोडवेना.

*

आप्पांचं घर घ्यायला सुलभाताईंनी मागितलेलं कर्ज शेवटी मंजूर झालं. ऑफिसात पेढे वाटले, पहिला पेढा अर्थातच आप्पांना. आप्पा वाईट माणूस नव्हते हो. पण मुलाला पुण्यात जागा घ्यायची होती, आणि शेजारच्यांना काय भाव आला ते एव्हाना गावभर झालं होतं.

पेढा तोंडात ठेवून म्हणाले, "बरं झालं हो सुलभा. पण तेवढ्या पैशात आता फार तर पडवी येईल!"

हे आम्हाला सांगताना सुलभाताईंनी आप्पांची नक्कल इतकी हुबेहूब केली की आम्ही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

*

आणि मग तो मे महिन्यातला दुपारचा कॉल. मुंबईमार्गे आला, कुवेतचा. बोलायचं होतं आप्पांशी, म्हणून त्यांना परटवण्यातल्या वाण्याच्या दुकानात फोनवर बोलावलं होतं. कॉल आला सुलभाताईंच्याच बोर्डावर. लाइन इतकी वाईट की दोघांनाही एकमेकांचं अक्षर कळेना. नेहमीप्रमाणे सुलभाताई मध्ये बोलू लागल्या.

"रत्नागिरी, कुवेत म्हणतंय, सौदा पक्का. घर घेतलं."

मी वळून पाहिलं. त्यांचा चेहरा बोर्डाकडे होता.

"कुवेत विचारतंय, घरात भाडेकरू आहेत ना?... कुवेत, रत्नागिरी म्हणतंय, आहेत. सज्जन माणसं आहेत."

मी त्यांची लाइन माझ्याकडे घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो हळूच बाजूला सारला. मांजरेकर साहेब उठून मागे येऊन उभे राहिले.

"रत्नागिरी, कुवेत विचारतंय, पावसाच्या आधी निघतील का? भांडण नको, कोर्टकचेरी नको."

आप्पांकडून काहीच आलं नाही.

"रत्नागिरी, बोला," सुलभाताई म्हणाल्या. थोडं थांबून पुन्हा, "रत्नागिरी, बोला."

कुवेत मात्र परत परत विचारत होतं.

सुलभाताईंनी पदर सारखा केला, ताठ बसल्या आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या,

"कुवेत, रत्नागिरी म्हणतंय, निघतील. भांडणार नाहीत."