एक लुगडं आणि दोन वीत

आमच्या कळंबात केशरकाकूंबद्दल एक बातमी पक्की होती: त्या रेल्वेच्या खुंट्या उपटतात आणि चुलीत घालतात. एसटी थांब्यावरच्या हॉटेलात गेणभाऊ ती सांगायचे. बशीतला चहा फुर्रकन ओढून, एक डोळा बारीक करून, "काय सांगू राव, बाईनं आख्खी रेल्वे जाळली! भाकऱ्या भाजल्या तिच्यावर!" हा आवाज मला हुबेहूब येतो. एकदा त्यांच्यासमोरच काढला, तर चप्पल भिरकावली त्यांनी.

साफ खोटी बातमी. खुंटी हलू नये म्हणून झटणारी गावात ती एकटीच बाई.

२००१ साली रेल्वेची मोजणी करणारी माणसं आली. घोड नदीच्या पुलाकडून शेताशेतांतून लाल डोक्याच्या खुंट्या ठोकत गेली. एक नेमकी केशरकाकूंच्या परसात आली आणि काकूंची झोप उडाली. खुंटीच्या पलीकडं रेल्वे, अलीकडं आपण, असा सगळ्या आळीचा समज. म्हणून रोज सकाळी त्या धुतलेलं नऊवारी लुगडं भिंतीपासून खुंटीपर्यंत ताणायच्या. दुसरं टोक धरायला मी, शेजारची.

"किती भरलं गं वृषाली?"

"एक लुगडं आणि दोन वीत. कालच्याइतकंच."

"नीट बघ. रेडकानं ढुशी मारली असंल तर?"

मग जयंतीला घर रंगवून उरलेला चुना खुंटीभोवती ओतायचा, वर बाभळीच्या फांद्यांचं कुंपण.

घर म्हणजे दोन खोल्या, वर पत्रा. पण नाशिक रोडच्या कामावर वर्षानुवर्षं खडी फोडून उभं केलेलं. त्यांचे मालक पोपटकाका त्याच कामावर डांबर तापवायचे. पत्रा चढला त्याच वर्षी ते गेले. "रस्त्यानं घर दिलं," काकू म्हणायच्या, "आता ती रेल्वे काय करती कुणास ठावं."

मे महिन्यात मोजणीवाला साहेब परत आला. नाकात बोलणारा, प्रत्येक वाक्याला 'ॲक्च्युअली' लावणारा. मला तर मेजवानीच! काकूंनी आपलं माप सांगितलं. त्यानं टेप लावली, वाकून बघितली, परत बघितली. लुगडं बरोबर होतं. काकूंचा चेहरा असा फुलला की बघत राहावं.

"ॲक्च्युअली आजी," साहेब म्हणाला, "ही खुंटी म्हणजे मधली रेघ. तिच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मीटर जागा लागणार."

"म्हंजी माझी किती लुगडी?"

"जवळजवळ दोन."

काकूंनी मागं वळून भिंतीकडं बघितलं. "मग घर?"

"लाइन हीच राहिली तर जाणार. ॲक्च्युअली अजून काही फायनल नाही."

जीप पेठच्या दिशेनं गेली. मी त्याचा आवाज काढला, अगदी नाकासकट. काकू हसल्या नाहीत.

"काकू, उपटा ती खुंटी," मी म्हटलं. "नाहीतरी गावानं तुमच्या नावावर टाकलंच आहे."

"न्हाई उपटायची."

"उपटणार तुम्ही. उद्या सकाळी इथं खड्डा दिसणार. पैज?"

"लाव. खड्डा दिसला तर जन्मभर माझी नक्कल कर, मी हूं का चूं करणार न्हाई. न्हाई दिसला तर आठ दिवस कुणाचीच करायची न्हाई."

सकाळी धावतच गेले. खुंटी जागेवर. भोवती ओला चुना. काकू लुगडं घेऊन उभ्या, डोळे सुजलेले.

"माझं म्हायेर नदीच्या वरल्या अंगाला व्हतं," त्या म्हणाल्या. "धरणात गेलं. मोजणीचे दगड रोवले तवा आमच्या आण्णांनी दारातला दगड उपटून नदीत टाकला. लई हुशारी केली असं वाटलं. दगड न्हाई, म्हणून यादीत आमचं घर न्हाई. पाणी काय दगड इचारून येतंय व्हय? शेजाऱ्यांना बदली जागा मिळाल्या, आमी उघड्यावर. ही खुंटी हाय तवर माझं घर कागदावर हाय. धर टोक."

धरलं. एक लुगडं आणि दोन वीत.

पुढचे आठ दिवस मी माझ्याच आवाजात बोलले. लई जड गेलं. चौथ्या दिवशी काकूच म्हणाल्या, "अगं, त्या ॲक्च्युअलीवाल्याला काढ की जरा. जिवाला नुसता घोर लागलाय."

"नाही काकू," मी म्हटलं, "हरलेय मी."