आधी ताईनं घाबरायचं

चार मित्र चहाला बसले की आपापले पराक्रम सांगतात. आमच्या गटाकडं मात्र भीतीचेच किस्से साठलेत. एक सांगायला घेतला की मागचे आपोआप निघतात.

आम्ही सोलापुरातली कॉलेजची पोरं. चादरीच्या कारखान्यांतून कात्रणं आणतो, शिक्षण अडलेल्या मुलामुलींबरोबर त्या कात्रणांच्या पिशव्या शिवतो आणि विकतो. प्रत्येक मुलाला आमच्यातली एक ताई नाहीतर दादा. नियम एकच: मुलांना जे करायला सांगायचं, ते आधी आपण करून दाखवायचं. हा नियम काढला मी, आणि मी एवढी भित्री की लिफ्टमध्येसुद्धा एकटी चढत नाही.

माझ्या वाट्याला लावण्या आली. बारावी झालेली, वडिलांचे घरातच माग. तिला ड्रेस डिझाइनिंगचा डिप्लोमा करायचा होता आणि वडील तिच्यासाठी स्थळं बघत होते. कुठल्या दिवशी तिचं येणं बंद होईल, याची मला कायम धास्ती.

*

आमचा ओंकार टेंभुर्णीचा, अंगानं पैलवान. त्याच्याकडची मुलं शिलाई मशीनच्या सुईला भ्यायची. नियमाप्रमाणं ओंकार मशीनवर बसला. "ह्यात काय भ्यायचं?" म्हणत त्यानं पाय मारला आणि स्वतःच्या शर्टाची बाही पिशवीला शिवून टाकली.

मग गडी हलेचना. लावण्या ब्लेडनं एकेक टाका उसवत होती आणि हा डोळे गच्च मिटून विचारत होता, "बोटं हायत ना गं सगळी?"

*

नवी पेठेत पिशव्या विकायच्या ठरल्या. आधी मी ओरडून गिऱ्हाईक बोलवायचं. तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. तेवढ्यात एक काकू थांबल्या, आणि मी घाबरून हातातली पिशवी पाठीमागं लपवली.

"चोरीची हाय का काय?" काकू म्हणाल्या.

शेवटी लावण्या पुढं झाली. कुणाशी तेलुगूत, कुणाशी मराठीत, कुणाशी दखनीत बोलत तिनं सगळ्या पिशव्या खपवल्या. मी म्हटलं, "अगं, एवढं बोलतेस, मग घरी का नाही बोलत?"

"घरी नान्ना असतात की," ती म्हणाली. वडिलांना ती नान्ना म्हणायची.

*

मग एकदा ती रडतच आली. रविवारी पाहुणे बघायला येणार होते. "आत्ता लग्न नको, मला शिकायचंय" हे तिला त्याआधी घरी सांगायचं होतं, आणि नुसत्या विचारानंच तिला रडू फुटत होतं.

आम्ही तालीम घ्यायचं ठरवलं. ओंकार बाप झाला. ती एक शब्द बोलली आणि हा असा काही खेकसला, "गप बस! लई शिकलीस!" की ती हुंदके द्यायला लागली. ते बघून बापही रडायला लागला. तालीम तिथंच बंद.

*

डोळे पुसून लावण्या मला म्हणाली, "ताई, आदी तुमी बोला की."

गावी नातेपुत्याला माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, माझ्यासाठीही एक मुलगा बघितला होता आणि मी नुसतं "बघू, बघू" करत होते. पण नियम माझाच. तिच्यासमोर अण्णांना फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं, की मला हे लग्न करायचं नाही.

पलीकडून आईचाच आवाज आला. "काय म्हणालीस गं त्यांना? अनवाणीच बाहेर गेले की."

लावण्याचा चेहरा पांढराफटक पडला. माझाही पडला असणार.

"झालं की," मी म्हटलं. "चल आता तुझ्या घरी."

*

तिच्या घरी माग धडाधडा चालू होते. लावण्या वडिलांजवळ गेली आणि बोलली, पण त्यांना ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा ती जिवाच्या आकांतानं ओरडली, आणि नेमकं तेव्हाच त्यांनी मागाचं बटण बंद केलं. "मला लग्न नको, शिकायचंय," हे अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

मी दाराला धरून उभी होते. आता हात उचलतात की काय, असं वाटत होतं.

ते मटकन खाली बसले. मग म्हणाले, "पाहुण्यास्नी कुणी सांगायचं? पोराचा बाप लई तापट हाय. मला भ्या वाटतंय."

लावण्यानं त्यांच्याच फोनवरून नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून कुणीतरी मोठ्यांदा "हॅलो" म्हणालं. त्यांनी तिचं मनगट गच्च पकडलं.

"पाहुणं, रविवारी येऊ नका. पोरगी शिकायचं म्हणतीय."

पलीकडून आरडाओरडा सुरू झाला. पण त्यांनी फोन ठेवला नाही.

"व्हय," ते म्हणाले, "तिचा बापबी तेच म्हणतोय."