पहिलं पाणी

नाशिकला इंदिरानगरात राहणाऱ्या विमलाबाई त्रिभुवन चर्चच्या वेदीवरची कापडं धुवायच्या. काम बारीक, पण जबाबदारीचं, बरं का! मिस्सेतल्या, म्हणजे चर्चच्या उपासनेतल्या, ख्रिस्तप्रसादाचा कण कापडाला चिकटलेला असायचा, आणि तो कण म्हणजे साक्षात ख्रिस्ताचं शरीर. म्हणून पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही, झाडाच्या मुळाशी ओतायचं. बाईंनी वीस वर्षं ते अंगणातल्या जास्वंदीला घातलं. आणि पंच्याण्णव साली एका सकाळी कुकर शिट्ट्या मारायला लागला, बाई गडबडल्या, बादली मोरीत रिकामी झाली.

झालं! छातीत जी धडधड सुरू झाली ती थांबेचना. फादर म्हणाले, "देवानं माफ केलंय. हे पाप घेऊन पुन्हा यायचं नाही." पण बाई कुठल्या ऐकतात! दर शनिवारी पापनिवेदनाला हजर. डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, कापडं धुवायला दुसरीकडे गेली, तरी भीती हटेना. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेतून त्या अर्ध्यावरून मागे फिरायच्या. चूळ भरलेलं पाणीसुद्धा जास्वंदीलाच. विचारलं तर म्हणायच्या, "वाया कशाला घालवायचं?"

त्याच साली नात झाली, सृष्टी. सून प्रतिभानं हात जोडले, "आई, हे पोरीच्या डोक्यात भरू नका हो." विमलाबाईंनी शब्द दिला आणि पाळला. नऊ वर्षं पोरीसमोर चकार शब्द काढला नाही. थरथर सुटली की खोलीत जाऊन कडी लावायच्या.

दोन हजार चारला सृष्टीचं पहिलं कम्युनियन झालं, आयुष्यातला पहिला ख्रिस्तप्रसाद. पांढऱ्या झग्यातली पोर प्रसाद घेऊन जागेवर येऊन बसली, आणि मागच्या बाकावर बाईंचा जीव भांड्यात पडला.

बाहेर पोरं केकवर तुटून पडली. सृष्टी तेवढी भिंतीला चिकटून उभी, ओठ घट्ट मिटलेले. विमलाबाई वाकल्या तशी ती कानाशी लागली.

"आजी, दातात कण राहिला असेल का गं? चूळ भरली आणि पाणी गटारात गेलं तर?"

"कोणी सांगितलं तुला हे?"

"कोणी नाही. तू नाही का जास्वंदीपाशी जाऊन चूळ टाकतेस?"

विमलाबाईंनी तिला ओढतच नळापाशी नेलं. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि चूळ सरळ गटारात टाकली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"बघ! काही होत नाही."

सृष्टी गटाराकडे बघतच नव्हती.

"मग तुझे हात का गं कापताहेत, आजी?"