मॉलमधल्या बर्फावर आबांची होडी

नारळ, शीड आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील घेऊन सकाळी सकाळी मॉलमध्ये शिरणारा बोनकोडे गावातला मी पहिलाच माणूस. (शेवटचाही. मॉलवाल्यांनी तसं स्पष्ट सांगितलंय.)

सुरुवात माझ्या लेकीने केली. ती अमेरिकेत शिकते. तिने आजोबांना, म्हणजे आमच्या आबांना, व्हिडिओ कॉलवर गोठलेलं तळं दाखवलं. त्यावर शिडाची होडी, खाली पोलादी पाती, आणि होडी सुसाट!

"आबा, हॉलंडमध्ये शेकडो वर्षांपूर्वी गोठलेल्या कालव्यांवरून अशा होड्या पळायच्या. इकडे तर आगगाडीशी शर्यत लावायच्या! वाऱ्यापेक्षा जोरात जातात."

"वाऱ्याच्या फुडं?" आबा खुर्चीतून उठलेच. "शीड हाय, डोलकाठी हाय, सुकानू हाय... सगला आपलाच! पानी तेवढा झोपलाय."

आबांनी चाळीस वर्षं खाडीत शिडाची होडी हाकली. मग आमच्या भातखाचरांवर बिल्डिंगी आल्या, भाडेकरू आले, आणि "आबा, बस झालं आता, बुडाल एखाद दिवशी," असं टुमणं लावून मीच ती होडी विकायला लावली. शीड मात्र त्यांनी दिलं नाही. अजून ते संध्याकाळी गच्चीवर जातात, खाडीकडे तोंड करून उभे राहतात आणि कोणी विचारलेलं नसताना सांगतात, "वारा फिरला."

व्हिडिओनंतर आठ दिवस एकच धोशा. "मना एकदा शीड भरलेला बघाचा हाय."

मॉलमध्ये स्केटिंगसाठी बर्फाचं रिंक आहे आणि तिथला मॅनेजर नीलेश आमच्या जुन्या भाडेकरूचा मुलगा. घरमालकाला नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं. "काका, उघडायच्या आधी अर्धा तास. पण टेन्शन नको हां!"

मुलांना बसायची प्लास्टिकची घसरगाडी होती. तिच्यावर मी बांबू रोवला, दुमडून निम्मं केलेलं शीड बांधलं आणि मागे मंडपवाल्याचा माणसाएवढा पंखा उभा केला.

"काका, येतं ना तुम्हाला हे?"

"होडीवाल्याचा मुलगा आहे मी!" (मला खाडीपुलावरून बसने जातानासुद्धा मळमळतं.)

"थांब!" आबा ओरडले. "नारल?"

नारळाशिवाय नवी होडी पाण्यात घालायची नाही, हा आमचा रिवाज.

"आबा, इथे पाणी कुठाय?"

"मंग ह्यो काय हाय?" म्हणत त्यांनी घसरगाडीला हळदकुंकू वाहिलं आणि बर्फाच्या मधोमध नारळ फोडला!

"आबा, फ्लोअर!!" नीलेश किंचाळला. पांढऱ्याशुभ्र बर्फावर पिवळे-लाल ओघळ. एक भकल आबांनी 'दर्याला' सोडलं, ते घरंगळत थेट प्रवेशद्वारापाशी गेलं. दुसरं कुठे गेलं ते कोणीच पाहिलं नाही.

आबा बसले. मी मागे उभा राहून शिडाचा दोर मनगटाला दोनदा गुंडाळला.

"हाताला गुंडालू नको रं!"

"आबा, कळतं मला!"

नीलेशने पंखा लावला. शीड फडफडलं, लटपटलं, आणि एकदम टम्म भरलं! होडी सुटली, मागोमाग मीही. आबांचा हात आपोआप मागे गेला, नसलेलं सुकाणू धरायला. "हैऽऽय!" अशी त्यांची आरोळी मी लहानपणी बंदरावर उभा राहून ऐकायचो. माझे डोळे भरून आले.

भरल्या डोळ्यांना नारळाचं दुसरं भकल दिसलं नाही.

मी ब्याण्णव किलोंसकट पालथा! दोर मनगटात घट्ट. होडी मला पोटावरून हातभर ओढत गेली, कण्हली आणि थांबली.

"दोर सोड!"

"सुटत नाहीये, आबा!"

पंखा घोंघावतोय, शीड तटतटून भरलंय, आबा पुढे झुकलेत, आणि होडी जागची हलत नाही.

नीलेश धावत आला. "आबा, लागलं नाही ना? जमलं का?"

आबा शिडाकडेच बघत होते. म्हणाले, "जमला रं. वारा झकास व्हता." मग त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "नांगर तेवढा उचलाचा रायला."