चार फुटी पाणंद

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मला आठवावं लागत नाही. गणपती दत्तू चौगले. आमचा गणपा, म्हशीवाला. गेल्या महिन्यात एका सकाळी दूध आलं नाही. सुमन, माझी पत्नी, पातेलं घेऊन फाटकाशी उभी होती. एवढ्यात शेजारचे काका लगबगीनं आले आणि म्हणाले, "अवो, आज दूध कुठलं? गणपा गेला की पहाटं." सुमन पातेलं खाली ठेवून पायरीवर बसली. मी आत जाऊन सदरा चढवला. चपला न घालताच निघालो, ते खरंच. पण त्याच्या घरापासून तिरडी निघाली, कॉलनीतली, पेठेतली, तालमीतली माणसं चार फुटी पाणंदीच्या अरुंद वाटेत मावेनात, खांदेकऱ्यांना अंग चोरून चालावं लागलं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार कुठला आला? माझ्या वेळी एवढी माणसं येतील का? ... गणपाविषयी लिहायचं तर हेही लिहावं लागेल. त्याच्याबद्दल मला जेवढी कृतज्ञता होती तेवढाच मत्सर होता, आणि दोन्ही एकाच घरात, एकाच चुलीवर शिजले.

माझे वडील इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला होते. आमच्या घरात मॅट्रिकच्या पलीकडे कुणी गेलं नव्हतं. मी कॉलेजसाठी कोल्हापूरला आलो ते एक पत्र्याची ट्रंक आणि ओळखीच्या ओळखीतून मिळालेला पत्ता घेऊन. तो पत्ता गणपाच्या घरचा. गोठ्यावरचा माळा मला राहायला मिळाला. खाली सात म्हशी आणि वर मी. गणपा माझ्याच वयाचा. वडील गेले म्हणून शाळा सोडून म्हशींमागे लागलेला. पहिल्याच दिवशी त्यानं माझं बारसं केलं, "आलं का बीए?" मी अजून पहिल्या वर्षालाही बसलो नव्हतो! पण तेव्हापासून मी बीएच. माळ्याच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर रोज सकाळी पितळी पेला भरून दूध ठेवलेलं असे. चार वर्षं. त्याविषयी तो कधी बोलला नाही, मीही नाही.

पहिल्या वर्षी मी इंग्रजीत नापास झालो. कुणाला न सांगता ट्रंक भरली आणि एसटी स्टँडवर जाऊन बसलो. परत मागावर जायचं ठरवलं होतं. शिडीवरचा पेला तसाच भरलेला दिसला म्हणून शोधत, गाडी लागायच्या आधी गणपा सायकल घेऊन आला. दुधाच्या किटल्या हँडलला अडकवल्या, माझी ट्रंक कॅरिअरला बांधली आणि चालायला लागला. मी मागून धावतोय, अरे थांब, अरे ऐक... तो वळून म्हणाला, "मर्दा, म्हस पयल्या टायमाला गाभण ऱ्हायली न्हाई म्हणून कुणी इकतंय व्हय तिला? चल." स्टँडवरची माणसं हसली. मी लाजेनं मेलो, पण परत आलो. पुढच्या वर्षी पास झालो, आणि यथावकाश खरंच बीए झालो. माझी आई पेढे घेऊन आली तेव्हा तिनं पहिला पेढा गणपाच्या हातावर ठेवला. माझ्या नाही. तो पेढा मी आजही विसरलेलो नाही.

नोकरी लागली, लग्न झालं, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गावाबाहेर, गणपाच्या गोठ्यापासून पाच मिनिटांवर, नवी कॉलनी पडली तिथं मी घर बांधलं. कॉलनी म्हणजे शिक्षक, कारकून, एखादा पेन्शनर. नकाशावर तीस फुटी रस्ता होता, त्याला कोपऱ्यात छान वळणही दाखवलं होतं. जमिनीवर त्या जागी ऊस उभा होता. घराच्या गच्चीवरून हमरस्त्यावरचा बसथांबा दिसायचा, बस आली-गेली कळायची, पण तिथं पोहोचायला ओढ्याच्या कडेनं लांब वळसा घालावा लागे. पावसाळ्यात बायका एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात निऱ्या धरून जायच्या. शाळेची मुलं बूट गळ्यात अडकवून जायची. शेजारचे काका दोनदा घसरून पडले, दुसऱ्यांदा मनगट मोडलं.

सुरुवातीला मात्र एक सोपी वाट होती. जुनी पाणंद. पूर्वी शेतात जायची बैलगाडीची वाट असते ना, ती. याच पाणंदीनं गणपा रोज संध्याकाळी म्हशी गावात दूधकट्ट्यावर नेत असे. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ पेला त्याच्या हातात द्यायचा, ही आमच्या गावाची रीत. आम्हीही त्याच्या म्हशींमागून बसथांब्यावर जायचो. पण कॉलनीचा नकाशा आखला तेव्हा ती पाणंद एका कोपऱ्यावरच्या प्लॉटमध्ये गेली. प्लॉटचा मालक मुंबईला. एके दिवशी त्यानं माणूस पाठवून काटेरी तार मारून घेतली, आणि आमच्या नशिबी ओढ्याचा तो वळसा आला.

कॉलनीची समिती झाली. पदवीधर आणि अक्षर चांगलं म्हणून सेक्रेटरी मी. मी पालिकेला अर्ज लिहू लागलो. काय अर्ज लिहिले मी! 'पादचाऱ्यांची गैरसोय', 'विकास आराखड्यातील विसंगती', 'सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा'. तिसऱ्या अर्जाला तर जुन्या गावनकाशाची नक्कल जोडली. त्यात ती पाणंद तुटक रेघांनी स्पष्ट दिसत होती. प्रत्येक अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायचा, स्थळप्रत फायलीला लावायची. प्रत्येक वेळी पोस्टकार्ड यायचं : 'आपला अर्ज विचाराधीन आहे.' सुमन म्हणायची, "तुमची फाईल जाड होतेय, वाट काही होत नाही." मला राग यायचा. वाट मी काढणार होतो. शिकलेला माणूस कशाला असतो मग?

आणि मग गणपानं ते केलं.

तार मारल्यापासून वर्षभर तो म्हशींना ओढ्याकडून घेऊन गेला. एका संध्याकाळी मात्र म्हशी जुन्या वाटेनं तारेपर्यंत आल्या आणि त्यानं त्यांना वळवलंच नाही. तिथंच खुंट्या ठोकल्या, धारेची चरवी काढली आणि बसला. मी विचारलं, "अरे, इथं काय?" म्हणाला, "वाट बदलल्यापासनं म्हस पान्हा चोरती. माझी गिऱ्हाइकं येतील की हितं." आणि खरंच, आली! गणपाच्या दुधात पाणी नसतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तालमीतले पैलवान आले. नगरसेवक आले, पांढऱ्या धोतरात. पालिकेचे ओव्हरसियर साहेब, ज्यांना रोज धारोष्ण दुधाशिवाय करमत नसे, पॉलिश केलेल्या बुटांत आले आणि घोट्यापर्यंत रुतले. गणपा धार काढता काढता म्हणायचा, "या साहेब, सांभाळून. तिकडं वढ्याकडं परवा काकांचा हात मोडला. पेला धरा सरळ, चिखुल उडंल." आठवडाभर हे चाललं. रोज गावातली बडी माणसं आमच्या चिखलात उभी राहून दूध पीत होती आणि आमच्या बायका फाटकाआडून बघत होत्या.

शेवटी ओव्हरसियर साहेबांनी विचारलं, "पण इथं पाणंद होती याला पुरावा काय?" गणपानं चरवी खाली ठेवली आणि माझ्याकडे बोट केलं. "कागूद समदा ह्या बीएकडं हाय. वरीसभर ल्हितोय बिचारा. वाचलाय का कुणी?" साहेब माझ्या ओसरीवर आले, माझी फाईल पहिल्यांदा कुणीतरी उघडली. गावनकाशाची नक्कल कामाला आली, मालकाला जागा दुसऱ्या बाजूनं भरून द्यायचं ठरलं, तार निघाली, चार फुटांची फरसबंद पायवाट झाली. सगळे म्हणाले, गणपाची पाणंद. पोस्टमन पत्ता विचारायचा, "गणपाच्या पाणंदीजवळ का?" सुमनही माहेरी लिहिताना तसंच लिहायची. माझ्या घराचा पत्ता त्याच्या नावानं...

समितीनं पाणंदीच्या तोंडाशी एक शहाबादी फरशी बसवायचं ठरवलं. मजकूर अर्थातच मी लिहायचा. बैठकीत काका म्हणाले, "गणपाचं नाव सगळ्यांत वर." सगळे हो म्हणाले. मीही म्हणालो. मग फरशीवाल्याला द्यायचा कागद मी घरी बसून सुंदर अक्षरात लिहिला : 'नागरिकांच्या सततच्या पत्रव्यवहारास यश येऊन...' आणि खाली समितीची नावं. सेक्रेटरी म्हणून माझंही. गणपाचं नाव नव्हतं. फरशी लागली तेव्हा लोकांनी विचारलं. मी म्हणालो, अनवधानानं राहिलं, आता कोरलेलं कसं बदलायचं? लोकांनी मान डोलावली. सुमननं नाही डोलावली. ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला गणपाभावजींचं सोसत नाही."

गणपा आला. फरशीवरून बोट फिरवत, ओठ हलवत त्यानं सगळं वाचलं. मग म्हणाला, "झ्याक हाय. म्हशीचं नाव न्हाई ते बरं झालं, न्हाईतर चढून बसली असती." सगळे हसले. जाताना माझ्याकडे वळून म्हणाला, "येतो मग, सेक्रेटरी साहेब."

तेव्हापासून मी साहेब झालो. दूध रोज आलं, सणाला खरवस आला, माझ्या मुलीच्या लग्नात तो दोन दिवस मांडवात राबला. पण हाक बदलली ती बदलली. "साहेब, दूध." "साहेब, पाऊस लागतोय, कपडं काढा." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो. मी रोज त्या फरशीसमोरून ऑफिसला जायचो आणि रोज वाचायचो, जसं काही ते दुसऱ्या कुणी लिहिलं होतं.

गेल्या वर्षी त्याला दम लागायला लागला. म्हशी दोनच राहिल्या. मी त्याला तोंडानं काही सांगू शकलो नाही, इतक्या वर्षांत कधी सांगू शकलो नव्हतो. म्हणून पत्र टाकलं. घर पाच मिनिटांवर, तरी तिकीट लावून पोस्टात टाकलं. तीन दिवसांनी सकाळी फाटकाशी चरवी वाजली. मी बाहेर आलो. गणपा कठड्याला टेकून दम खात होता. म्हणाला, "काय बीए, तुझा अर्ज मिळाला." मी पातेलं पुढे केलं. त्यानं पातेल्यात दूध ओतलं, वरून आणखी एक धार सोडली आणि म्हणाला, "विचाराधीन हाय." मग स्वतःच हसला, हसता हसता खोकला, आणि पाणंदीनं सावकाश निघून गेला. पुढे त्यानं तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. वाटलं, काढेल कधीतरी...

तेराव्याला गणपाच्या बायकोनं, पारूवहिनींनी, मला गोठ्यात बोलावलं. दावणीवरच्या कोनाड्यात, म्हशींच्या औषधाच्या डब्यामागं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून माझं पत्र होतं. तेलाचे डाग पडले होते. कोपऱ्यात पेन्सिलीनं, मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं : आवक नंबर १. वहिनी म्हणाल्या, "ह्ये कुणाला हात लावू द्यायचं न्हाईत. तुमचंच हाय, न्या." ते पत्र मी आता माझ्या फायलीला लावलं आहे, सगळ्या अर्जांच्या वर. ते असं :

प्रति,
श्री. गणपती दत्तू चौगले,
पाणंदीजवळ, कोल्हापूर.

विषय : फरशीवरील नाव गाळल्याबाबत.

गणपा,

मला पत्र लिहिता येत नाही, अर्ज येतो, म्हणून अर्ज करतो आहे. फरशीवर तुझं नाव अनवधानानं राहिलं असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. बैठकीत ठरलं होतं, मला आठवत होतं, आणि मी ते लिहिलं नाही. मी एवढा शिकलो, एवढे अर्ज केले, आणि वाट तुझ्या म्हशींनी काढली, हे मला सोसलं नाही. तू मात्र साहेबांपुढे माझंच नाव घेतलंस. तेही सोसलं नाही.

स्टँडवरून तू ट्रंक परत आणली नसतीस तर मला अर्जसुद्धा लिहिता आला नसता. हे मला रोज माहीत होतं. रोज माहीत होतं म्हणूनच बहुधा जास्त जळलो.

नवी फरशी सांगितली आहे. तिच्यावर एकच नाव असेल. तू नको म्हणशील, तरी ती बसेल. माझी मागणी वेगळी आहे आणि एकच आहे. मला साहेब म्हणू नकोस. पूर्वी म्हणायचास तसं बीए म्हण.

कळावे.

तुझा, माळ्यावरचा